स्मरणिकेचा संदर्भ

३ फेब्रुवारी
एम.ए. भूगोलाचा माझा प्रोजेक्ट: उमरठ भागातली नाचणी. आज महाडला जाऊन वैशाली मॅडमना दाखवला. संदर्भांवर लाल रेघ! ‘आमची नाचणी पूर्वी विलायतेला जायची’ हे आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या स्मरणिकेत छापलंय, पण स्मरणिका चालत नाही म्हणे. का? दरवर्षी निघते. संपादक मंडळ आहे. गुळगुळीत कागद आहे. आणखी काय पाहिजे यांना? मॅडमनी एवढंच विचारलं, छापण्याआधी हे तपासलं कोणी? डोकंच फिरलं. संपादक गोमाजीकाका परळला राहतात. ते काय उगाच छापतील?

४ फेब्रुवारी
ठरलं. रोज पहाटे उठून एक शोधनिबंध वाचणार. मॅडमचं तोंड बंद करणार.

५ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ
थंडी फार. उद्यापासून.

१९ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीने, सेजलने, कॉलेजच्या लायब्ररीतून नाचणीवरचा शोधनिबंध काढून आणला. तज्ज्ञांनी तपासलेला, म्हणाली. आधी सारांश वाच, मग निष्कर्ष बघ, हेही तीच सांगणार. स्वतः अजून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला! सगळा इंग्रजीत. टायटल वाचलं. टायटलवरून कळतं सगळं. संदर्भांत पहिल्या नंबरावर टाकला. बसा आता बोंबलत.

४ मार्च
शिमग्याला गोमाजीकाका आले. मॅडमचं सांगितलं. काका भडकले, त्या बाईला नाचणीतलं काय कळतंय, तू पास झालास समज रे. एवढ्या गावात एक माणूस मला ओळखतो.

२० एप्रिल
व्हायवा. मॅडमनी विचारलं, पहिल्या निबंधात काय म्हटलंय? मी ठणकावून सांगितलं, माझंच म्हणणं, उतारावरची नाचणी वाढतेय. बरोबर उलटं निघालं. मग टायटल तरी नीट द्यायचं ना लेकाच्याने! प्रोजेक्टमध्ये नापास. पुढल्या सत्रात पुन्हा. घरी सांगितलेलं नाही. सेजलला कळलंय. तोच निबंध पुन्हा माझ्या उशाशी ठेवून गेली, त्याचा जास्त संताप येतो.

४ मे
गावची पूजा. मुंबईकर नवी स्मरणिका घेऊन आले. आत माझा फोटो. ‘चि. स्वराज, एम.ए. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण, हार्दिक अभिनंदन.’ माईकवरून नाव पुकारलं. शाल, नारळ. आई रडली. आबा दिसेल त्याला पान उघडून दाखवत होते. सेजल तेवढी खाली मान घालून बसली होती.
काकांना देवळामागे ओढून नेलं आणि ओरडलो, छापायच्या आधी कोणाला विचारलंत तरी का?
काका म्हणाले, त्यात काय विचारायचं हाय? संपादक मंडळ हाय ना.