गुलाबाच्या बुडातला लसूण

८ जानेवारी
सुनंदा, ही वही कधी तुझ्या हातात पडलीच, तर आधी चष्मा शोध. तो हितंच हाय, देव्हाऱ्याजवळ. अख्ख्या वर्गाची हजेरी पाठ, आणि स्वतःचं डोळं घरी विसरून एस्टीत बसलीस. शाब्बास मास्तरीणबाई.
वही तुला दाखवायची का न्हाय ते मागनं बघू. मला अक्षर येत न्हाय. मी बोलते, तुझी लेक श्रुती लिहिते. वरची हाक सोडली तर पोरगी 'सु.' एवढंच लिहिते. म्हटलं, आईचं नाव पुरं लिहायला हात दुखतो व्हय ग?
सु. ची बदली चंदगडला. आता शिमग्यालाच येणार. जाताना सासूला बोट दाखवून गेली, "आत्ती, चारी गुलाबांना एक दिवसाआड पाणी. बुडातलं काय उपटायचं न्हाय."

९ जानेवारी
उपटलं.
बुडात हिरवी पात दिसली. वाकून वास घेतला तर लसूण! मुनिमहाराजांपुढं कंदमूळ न खायचा नेम घेतला त्याला पंचवीस वर्षं झाली. ह्या झाडांची फुलं बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, भगवंतापुढं जातात, आणि मुळाशी लसूण? श्रुती कॉलेजात गेली तशी एकेक पात वढून काढली. हात तीनदा धुतले. पात म्हशीपुढं टाकली.
(दुधाला वास का आला ते श्रुतीला आत्ता लिहिताना कळलं. तोंड बघण्यासारखं झालंय.)

१९ जानेवारी
कोवळ्या शेंड्यांवर मावा. हिरवा, बारीक किडा, दाटीनं बसलेला. खालनं मुंग्यांची रांग. कळ्या वाकड्या.
श्रुती म्हणते, साबणाचं पाणी मारू. म्हटलं, माझ्या अंगणात जीव मारायचा न्हाय. साधं पाणी मार, जोरात. पडतील, जातील कुठंतरी.
"कुठं जातील आज्जी? शेजारच्या गुलाबावर?"
"मग ते शेजारणीनं बघावं."

२४ जानेवारी
पाण्यानं दोन दिवस बरं. परत तेवढाच. राख टाकली, वाऱ्यानं माझ्याच डोळ्यात. कडेला सु. नं झेंडू आणि बडीशेप लावलीय, ती हाय तशी हाय. त्यावर मी हात टाकला न्हवता. तेवढंच पुण्य.

२७ जानेवारी
सु. चा फोन. पयलाच सवाल, "लसूण कसा हाय, आत्ती?"
मी म्हटलं, "हाय की."
मग ती सांगत बसली. मावा दरसाल येतो. औषध मारावं तर मला चालायचं न्हाय. म्हणून कुणाला तरी विचारून लसूण लावला. "ह्यानं मावा मरत न्हाय आत्ती, नुसता येत न्हाय. तुमचा नेम बी ऱ्हातो. खायला न्हाय हो लावला."
फोन ठेवला. चहा गार झाला.
माझ्यासाठी लावला होता.

२८ जानेवारी
काल झोप न्हाय. श्रुतीला म्हटलं, लिही.
लग्न होऊन आली त्या महिन्यात तिनं भाजीत कांदा घातला. मी ताट सरकवलं आणि उठले. बोलले काय न्हाय. बोलले असते तर बरं झालं असतं, पोरगी भांडली तरी असती. त्यानंतर ह्या घरात कांदा चिरला गेला न्हाय. मी गावभर सांगत फिरले, माझी सून किती गुणाची.
आज श्रुती सांगते, "आई शाळेत दुसऱ्या बाईंच्या डब्यातलं खायची. कांदा, लसूण, सगळं." नेम माझा, घरात पाळला तिनं.

५ फेब्रुवारी
चार झाडांत एक मलकापूरचं हाय. सु. चं माहेर. आई गेली, मग रस्ता रुंद झाला त्यात घर गेलं. तिनं तेवढी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. त्याच झाडाची पानं चिकट, काळी.
सकाळी श्रुती उठायच्या आत मीच साबणाचं पाणी मारलं. कपड्याची पावडर, मूठभर. किती घ्यायची मला काय ठाऊक. मावा पटापटा गळला. त्याच्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे बी पडले. बडीशेपेवर यायचे ते. सु. म्हणायची, हे मावा खातात, ह्यांना ऱ्हाऊ द्या.
आज उपास धरला. श्रुतीला सकाळी सांगितलं, पोट बिघडलंय. खरं काय ते तिला आत्ता लिहिताना कळतंय.

११ फेब्रुवारी
पानं करपली. तीन झाडं सावरतील असं वाटतं. मलकापूरचं म्हणजे नुसत्या काटक्या.
श्रुतीनं बुडाजवळ नखानं खरवडलं. ती म्हणते हिरवं हाय. मला पिवळं दिसतं. दोघी उन्हात बसून भांडलो.

१५ फेब्रुवारी
सु. ला तीनदा फोन लावला. एकदा थंडीचं बोलले, एकदा म्हशीचं, एकदा "काय न्हाय, सहज." ती म्हणाली, "आत्ती, तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, झक्कास.

१८ फेब्रुवारी
शेजारणीकडनं लसणाचा एक गड्डा आणला. ती बघतच ऱ्हायली. पाकळ्या सुट्या करून चारी बुडात लावल्या, माझ्या हातानं. नेम खाण्याचा हाय, लावण्याचा न्हाय. एवढं सुचायला पंचवीस वर्षं लागली. बस्तीत फुलं न्यायची का, ते महाराजांना विचारीन. मलकापूरच्या बुडातबी चार पाकळ्या लावल्या. काटक्याच हाईत अजून.

२२ फेब्रुवारी
सुनंदा, आता तुलाच सांगते. ही वही आणि चष्मा श्रुती उद्या कोल्हापूर स्टँडवर चंदगडच्या गाडीत देणार. कंडक्टर वळखीचा हाय. शिमग्याला येऊन वाळलेलं झाड बघशील, त्याआधी वाच. झाड जगंल का, खरंच ठाऊक न्हाय. श्रुती अजून हिरवंच म्हणते.
लगेच फोन करू नको. रागाव आधी, पोटभर. त्या कांद्याच्या वेळी रागावली न्हाईस, ते बी धर.
मग त्याच गाडीनं लसणाची चटणी पाठव, डबाभर, तुझ्या हातची, श्रुतीसाठी. माझ्या सैपाकघरात ऱ्हाईल ती. डब्यावर नाव घालायच्या भानगडीत पडू नको, मला वाचता येत न्हाय. वासानं कळंल.