वाकड्या ट्रान्सफॉर्मरचं सरळ मॉडेल

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज इच्छापोरला आमच्या कारखान्यात इतिहास घडला. म्हणजे घडायला सुरुवात झाली. पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलला आम्ही नवा ट्रान्सफॉर्मर दिलाय. तो चालू केला की त्यांचा ब्रेकर पडतो. कधी पडतो, कधी नाही. मिलवाले म्हणतात, उचलून घेऊन जा. आमचे मालक रसिकभाई, त्यांनी मीटिंग बोलावली. सगळे टेबलाकडे बघत बसले. मी म्हणालो, "भाई, मी कॉम्प्युटरवर त्याचं मॉडेल बनवतो. कारणही सापडेल, उपायही." मला कुणी विचारलं नव्हतं. भाई म्हणाले, "पाक्कुं?" म्हणजे नक्की ना. मी म्हणालो, "पाक्कुं."
सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं ते संध्याकाळी ठरवलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
वाचन जोरात. ट्रान्सफॉर्मर नॉनलिनिअर असतो, म्हणजे सरळ वागत नाही. आतलं लोखंड एका मर्यादेपर्यंत चुंबकत्व घेतं, मग त्याचं पोट भरतं. याला सॅच्युरेशन म्हणतात. पोट भरलं की ते वेड्यासारखा करंट ओढतं. आईला समजावलं. ती म्हणाली, "पोट भरल्यावर कुणी जास्त वाढून घेतं का?" बाबा म्हणाले, "तुझा भाऊ घेतो." विषय मामाकडे गेला आणि तिथेच राहिला.

बुधवार, ५ फेब्रुवारी
मिलमधून फोन. त्यांच्या इलेक्ट्रिकलमधल्या विशाखा मॅडम. आवाज! म्हणाल्या, मॉडेल तुम्ही करताय ना, मग मीच तुमच्याशी बोलत जाईन. "बोलत जाईन" म्हणाल्या. एकदा बोलेन असं नाही म्हणाल्या.
संकल्प: रोज सकाळी चालायला जाणे. दाढी एक दिवसाआड.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
विशाखाने विचारलं, "लोखंडात मागचं चुंबकत्व शिल्लक राहतं, ते धरलंय ना?" मी म्हणालो, हो. मग ती म्हणाली, "कारण लोखंड विसरत नाही. आधी कसं बंद केलं होतं ते लक्षात ठेवतं."
लोखंड विसरत नाही! इंजिनिअर बाई हे उगाच बोलणार नाही. दिवसभर काम सुचलं नाही. चालायला गेलो नाही, पण मनातून खूप लांब गेलो होतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर त्रास देतंय. लोखंडाचा वाकडा आलेख टाकला की 'कन्व्हर्जन्स फेल', म्हणजे गणित जुळत नाही, अशी लाल अक्षरं येतात आणि सगळं थांबतं. बहुतेक माझं मॉडेल त्याच्या कुवतीबाहेर गेलंय. रसिकभाईंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तो बीजुं सॉफ्टवेअर लई लो." मी म्हणालो, दुसरं नको, यालाच तयार करतो.

सोमवार, १० फेब्रुवारी
जिंकलो! सेटिंगमध्ये 'सॅच्युरेशन' नावाचा चौकोन सापडला. त्यातली टिक काढली. तात्पुरती. लाल अक्षरं गायब, प्रोग्राम लोण्यासारखा पळाला. आलेख काय सुंदर आला! गोल, गुळगुळीत, एकासारखी एक लाट. कुठे टोक नाही, कुठे उसळी नाही. याचा अर्थ ट्रान्सफॉर्मर निर्दोष. ब्रेकर पडण्याचं कारण मिलमध्येच आहे, आणि ते मी त्यांना प्रेमाने सांगणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
विशाखाने मॉडेलची फाईल मागितली. भेटायचं निमित्त असणार. मी आलेखाचा फोटो पाठवला, खाली गुलाबासह 'शुभ सकाळ'. उत्तर आलं: "ही फाईल नाही." मिश्किल आहे.
आईला फक्त एवढंच म्हणालो की कदाचित काहीतरी बातमी असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी
लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत तीन बायकांनी माझं अभिनंदन केलं.
डेमो परवा, शुक्रवारी. तारीख चौदा फेब्रुवारी! विशाखाने निवडली. (मिलच्या मॅनेजरने ठरवली, पण फोन तिने केला.) पुन्हा विचारत होती, "सॅच्युरेशन घेतलंय ना?" मी म्हणालो, हो हो. तिला माझी किती काळजी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, दुपार
निळा शर्ट. रिक्षातून उतरताना सेंट पुन्हा मारला. मिलमध्ये रसिकभाई, मॅनेजर, विशाखा, सगळे हजर. मी लॅपटॉप उघडून लाट दाखवली. म्हणालो, "बघा, काही उसळी नाही. बिनधास्त चालू करा." विशाखा म्हणाली, "आत्ता मशीनमध्ये कापड आहे. रिकामी झाल्यावर करू." मी म्हणालो, "गरजच नाही." मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी हसून मान डोलावली. त्याने इशारा केला.
नंतर लिहितो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ
धाड. ब्रेकर पडला. नुसता ट्रान्सफॉर्मरचा नाही, त्यामागचा मोठाही पडला. अख्खं डाइंग खातं बंद. मशीनमधलं लाल कापड बाहेर काढलं तर कुठे लाल, कुठे गुलाबी. मी म्हणालो, अशी डिझाइनही असते. रसिकभाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि तोच रुमाल माझ्याकडे फेकला.
विशाखाने माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला. सेटिंग उघडलं. त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग हळू म्हणाली, "तुम्ही ट्रान्सफॉर्मरमधून लोखंडच काढून टाकलंय."
टिक लावली. लाल अक्षरं आली. ती घाबरली नाही. दोन हिशेबांमधलं वेळेचं पाऊल लहान केलं, आलेखाचे कोपरे थोडे गोल केले, मागचं चुंबकत्व भरलं. प्रोग्राम चालला. पडद्यावर करंटचा एक उंच, कुरूप सुळका. ब्रेकर पडणारच होता, अगदी मॉडेलप्रमाणे.
म्हणजे मॉडेल बरोबरच होतं. मीच बनवलेलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी
विशाखाने उपाय काढला: ट्रान्सफॉर्मर आधी करंट अडवणाऱ्या रेझिस्टरमधून हळू चालू करायचा, मग क्षणभराने रेझिस्टर बाजूला. आधी मॉडेलवर, मग मिलमध्ये. ब्रेकर ढिम्म हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जोरात. आमचं दोघांचं काम!

रविवार, १६ फेब्रुवारी
अनर्थ. आई शेजारच्या शोभाबाईंना घेऊन विशाखाच्या घरी स्थळ घेऊन गेली. मला न सांगता. पत्ता तिने कुठून काढला हे विचारायचं धाडस नाही. विशाखानेच दार उघडलं, चहा केला. मग म्हणे, "काकू, प्रज्ञेश आजवर माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोललेले नाहीत. आणि कामाचंही खरं नाही बोलले."
आई परत आली ती आमच्या दारातच ओरडली, "अरे, तू त्या पोरीला काही म्हणालाच नाहीस?" मी म्हणालो, आमचं बोलणं लोखंडातून चालायचं. बाबा इतके हसले की ठसका लागला. नंतर आत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
बातमी! रसिकभाईंनी विशाखाला आमच्या कारखान्यात बोलावलं. ती यायला तयार झाली. सोमवारपासून डिझाइन हेड. मी तिच्या हाताखाली. रोज एका छताखाली! झालं गेलं तापीला मिळालं. नवा शर्ट घेतला. उद्यापासून चालणे नक्की.

सोमवार, ३ मार्च
मॅडमनी पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही हुशार आहात, पण ट्रान्सफॉर्मरच्या आत काय असतं ते तुमच्या हातांना माहीत नाही. सहा महिने वाइंडिंग खात्यात बसा." मी विचारलं, आणि सॉफ्टवेअर? म्हणाल्या, "ते मी बघते."

मंगळवार, ४ मार्च
दिवसभर कॉइल गुंडाळली. तांब्याची तार, एकेक वेढा हाताने, पुटपुटत मोजत. बोटं सोलली. दुपारी मॅडम फेरी मारत आल्या. माझ्यापाशी थांबल्या. आकडा ओठांवरून निसटला.
"किती वेढे झाले?"
सांगितलं, "विसरलो."
त्या म्हणाल्या, "मग सगळी उलगडा. पहिल्यापासून."
उलगडली.