माझीच का गेली

पौड,
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय शबनूर,

आपाचा सलाम आणि दुवा. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? रिह्यात भात कापणीला आलं असेल. इकडे दुकान बरं चाललंय, यांची साखर आटोक्यात आहे, अनिस बारावीला आहे आणि अभ्यास सोडून सगळं करतो. फोन केला असता, पण तू उचलला असतास आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

तू विहीर बुजवलीस ते मला वहिनीकडून कळलं होतं. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. आता वाटत नाही.

तुझ्या शहनवाजच्या साखरपुड्यात त्या विहिरीच्या पाण्याचं सरबत झालं आणि महिन्याभरात चौदा जणांना कावीळ झाली. तेरा उठले. माझी जस्मीन आठ दिवसांत गेली. मय्यतीत तू रडत म्हणालीस, "आपा, आमी बी त्येच पानी प्यालो गं." आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "मंग माझीच का गेली? सांग की!"

त्याचं उत्तर आलंय, शबनूर.

हॉस्पिटलने संशोधनासाठी तिचं रक्त ठेवलं होतं. नंतर आमचंही घेतलं. विषाणूशी लढताना शरीर जो जोर लावतं, त्याला लगाम घालणारं एक प्रथिन असतं म्हणे. जस्मीनच्या अंगात ते जन्मापासून बनतच नव्हतं. विषाणूला मारता मारता तिच्याच शरीराने तिचं यकृत संपवलं. एरवी धडधाकट पोर, कुणाला कळणार? हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच असं होतं. अर्धा यांचा, अर्धा माझा. मला आत्याच्याच मुलाला दिलं म्हणून केवढी मिरवायचे मी! पाणी वाईट होतं, ते खरं. पण ते तुम्ही सगळेच प्यालात.

अनिसमध्ये दोष एकाच बाजूचा निघाला, त्याला भीती नाही. आपल्या दोघींचं रक्त एक, म्हणून शहनवाजला मूल व्हायच्या आधी तुम्हीही तपासून घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे.

हे मला रमजानपासून माहीत आहे. सात महिने गप्प बसले. तुझ्यावर रागावता येत होतं, तोवर रडू कमी यायचं. माझं चुकलं, शबनूर. फार चुकलं.

घरात तिचं नाव कुणी काढत नाही. मी काढलं की हे उठून दुकानात जातात, अनिस टीव्हीचा आवाज वाढवतो. दर मे महिन्याची सुट्टी तिने तिच्या खालाकडे, तुझ्याकडे काढली. परत आल्यावर काय केलंस विचारलं, की म्हणायची, "ते खालाचं आन् माझं हाय, तुला न्हाई सांगायचं." मीही कधी खोदून विचारलं नाही. म्हटलं, सांगेल कधीतरी.

हवं तर मला माफ करू नकोस. पण तेवढं सांग. तुझ्याकडे ती काय हट्ट करायची, कुणाला हसायची, माझ्या काय काय चहाड्या सांगायची, त्यासुद्धा. माझ्याजवळची जस्मीन मला आता पुरत नाही.

जिची लेक तू निम्मी वाढवलीस, ती तुझी,
आपा