जिभेखालची गोळी

रविवार, द्वारका

काका-काकू आत्ताच मेट्रोने गाझियाबादला परत गेले. माझा राग अजून उतरलेला नाही.

माझा भाऊ निलू तुरुंगातून सुटून आला तेव्हापासून घास गिळला की तोंड उघडतो आणि जीभ उचलून दाखवतो. स्मॅकची नशा सुटावी म्हणून तिथे रोज जिभेखाली गोळी द्यायचे आणि ती विरघळली का हे सिस्टर बघायची. सवयच लागली त्याला. पहिल्या दिवशी आई रडली. बाबा हसले.

निघताना तिथून पुढच्या गोळ्या दिल्या होत्या. परवा बाबांनी त्या कमोडमध्ये टाकल्या आणि वर पाणी सोडलं. "एक नशा सोडायची आणि दुसरी सरकारी घ्यायची? माझ्या घरात चालणार नाही." निलू एवढंच म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, मध्येच बंद करायची नाही, नाहीतर नाक गळतं, घाम सुटतो." माझा भाऊ इतकं ऐकून कधीपासून घ्यायला लागला?

आज जेवताना त्याचं नाक गळत होतं. एसी चालू असून शर्ट घामाने चिकटलेला. काकूंनी विचारलं, "सर्दी झालीये का रे?" तो बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "चिरंजीव, जीभ दाखवा." पाहुण्यांसमोर! मदाऱ्याच्या माकडाला सांगतात तसं.

मला वाटलं, आज नाही म्हणेल. म्हण ना यार, एकदा तरी. आणि मी काय केलं? काकांना पापड वाढला.

निलूने जीभ उचलली. खाली काहीच नव्हतं.

"बघ," बाबा काकांना म्हणाले, "बिल्कुल बरा झाला."