चौदावी खेळी

८ फेब्रुवारी

ताई,

तू बरी असशील. मी ठीक आहे. आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तीन वर्षांपूर्वी, बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आपण दोघी समोरासमोर आलो. पांढरी मोहरी तुझी.
२. तू बाबांनी सोळा वर्षं वहीत घोटलेलं गॅम्बिट खेळलीस, मोहरी देऊन हल्ला चढवायचं. प्यादं दिलंस, घोडा दिलास आणि माझ्या राजावर तुटून पडलीस.
३. चौदाव्या खेळीला मी वजीर मूळ घरात परत नेला. ही खेळी वहीत नव्हती. तुझा हल्ला तिथेच संपला.
४. बाविसाव्या खेळीला तू डाव सोडलास. निवड माझी झाली.
५. जिन्यात तू बाबांना म्हणालीस, "तुमच्या वहीनं माझा घात केला." तेव्हापासून तू त्यांच्याशी बोललेली नाहीस.

यात एक गोष्ट गाळली आहे.

कारखान्यात मी अजून पंप तपासते. दोष सापडला की त्याच दिवशी लेखी कळवायचा, असा आमचा नियम आहे. तो मी कधी मोडलेला नाही.

वजिराची ती खेळी मला स्पर्धेच्या एकोणीस दिवस आधी सापडली होती. बाबांना त्याच संध्याकाळी दाखवली. तासभर पटावर डोकं घालून बसले, मग हसायला लागले. "सोळा वर्षं झोपा काढत होतो की काय मी! ताईला तूच सांग. शोध तुझा आहे."

मी हो म्हटलं. सांगितलं नाही. तोवर तुझ्याशी एकही डाव मी जिंकले नव्हते.

जिन्यातल्या प्रकारानंतर मी तुझ्यामागे निघाले, तर बाबांनी हात धरला. "गप्प राहा. माझ्यावरचा राग ओसरेल तिचा. तुझ्यावरचा नाही ओसरायचा."

मी गप्प राहिले. ते मला सोयीचंही होतं.

सोमवारी, सोळाला, त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी धोका टक्क्यांत सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही.

खाटेशेजारी त्यांनी पट मांडून ठेवलाय, चौदाव्या खेळीवर. नर्सलाही हात लावू देत नाहीत. काल म्हणाले, "पांढऱ्याला काहीतरी उपाय असणारच. तुला नाही सापडायचा. ताईला सापडेल."

त्यांच्यावरचा राग माझ्यावर वळव. तो माझ्याच वाट्याचा आहे.

येणार आहेस की नाही, एवढंच शनिवारपर्यंत, चौदा तारखेपर्यंत, कळव.

धाकटी