खड्ड्यातली खुर्ची

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस.

मी तुझ्याकडे आलो की तू आधी नाक मुरडतोस, अंघोळ करून आलास ना म्हणून विचारतोस, आणि वहिनी गुपचूप खिडकी उघडते. तुमचंही चूक नाही म्हणा. अख्ख्या शहराची घाण माझ्या केबिनखालच्या खड्ड्यात येऊन पडते. नासलेलं अन्न, बरबटलेले लंगोट, कधी मेलेलं मांजर. क्रेनच्या पंजानं मी ती दिवसभर ढवळतो, ओलं-सुकं मिसळून भट्टीत सोडतो. त्या जाळावर पाण्याची वाफ होते, वाफेवर वीज होते आणि उरलेल्या उष्णतेवर तुझ्या इमारतीच्या नळाला गरम पाणी येतं. एवढ्या वर्षांत मला या सगळ्याची सवय झाली होती. परवा मात्र ओकारी आली.

एक ट्रक रिकामा होत होता आणि त्यातून बाबांची आरामखुर्ची गडगडत खाली आली. मोडक्या हाताला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती मीच गुंडाळली होती. मागून त्यांची गादी, आईचा शिवणाचा डबा आणि शेवटी आईचा फोटो. तू म्हणाला होतास, बाबा दवाखान्यात आहेत तोवर घराला रंग देऊन घेतो. चांगलेच रंग दाखवलेस. शेजारच्या काकूंना विचारलं तेव्हा कळलं, घर विकायला काढलंयस. अरे, बाबा जिवंत आहेत. किळस येते तुझी.

खुर्ची तेवढी बाजूला काढायला गेलो, पण त्या पंजाला अलगद धरणं कुठलं माहीत? तिचे दोन तुकडे झाले. नुसती गादी भट्टीत गेली तर जाळ भडकतो, म्हणून ओल्या घाणीत कालवून सगळं मीच जाळलं. मागे ट्रकांची रांग लागली होती.

सोमवारी बाबांना घरी सोडतायत. गेल्या गेल्या खुर्चीत बसायचं म्हणतात. खुर्ची मोडली एवढंच मी सांगितलं, तर म्हणाले, थोरल्याकडे दे, तो नीट करून आणेल. त्यांना मी माझ्याकडे नेतोय, त्याची काळजी तू करू नकोस. पण स्वतःच्या घरी का जायचं नाही, हे त्यांना तुझ्याच तोंडून कळलं पाहिजे. माझ्याच्यानं ते होणार नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी ये. आणि अंघोळ करून ये. पाणी आमच्याच भट्टीवर तापलेलं आहे.

तुझाच, काय करणार,
धाकटा