खाणीच्या तळ्यावरचा आकडा

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, उत्तर तू माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी येणारं प्रत्येक पत्र हल्ली बाबा मोठ्याने वाचतात. वाचा सुधारणाऱ्या बाईंनी तसं सांगितलं आहे. एरवी चालेल, पण हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून पाय बराच सुधारला, पण उजवा हात आळशी पाहुण्यासारखा मांडीवर पडून असतो. हवा तो शब्द वेळेवर येत नाही. चहा हवा असला की चावी मागतात, आईने चावी आणून दिली की चिडतात, आणि मग चिडल्याबद्दल ओशाळतात. जन्मभर बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या, आत अडकलेल्यांना धीर देऊन बाहेर काढलं, आणि आता स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखे बसले आहेत. हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिलाय, त्याकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणतात, पोरखेळ.

तुझ्या त्या रिमोटवर पळणाऱ्या बोटींना मामी पोरखेळच म्हणते, हे मला ठाऊक आहे. पण त्यात कानस आहे, स्क्रू आहेत, मोटर आहे. एखादी अर्धवट बोट इकडे पाठवशील का? बाबांना एकदा जिंकल्यासारखं वाटू दे. खोटं का होईना, पण वाटू दे.

आईचे आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो थोडा बाबांकडे वळव.

तुझी,
ठकी


ता. १७ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्ही मोठ्याने वाचता असं कळलं, म्हणून पहिलं वाक्य मुद्दाम लिहितो : माझा मेहुणा अतिशय हुशार आणि देखणा आहे. आता सगळ्यांसमोर वाचलंत, नाकारता यायचं नाही.

सोबतच्या खोक्यात बोटीचं अंग आहे, फायबरचं. मोटर दिसायला एवढीशी, पण बॅटरी पूर्ण भरलेली असली की पिसाळते. तिच्यापासून मागच्या पंख्यापर्यंत वाकणारा दांडा जातो, तो सरळ ओळीत बसला पाहिजे. सगळी मेख त्या पंख्यात आहे. कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या पात्यांना धार नसते, आणि एक पातं दुसऱ्यापेक्षा किंचित जड असतं. तेवढ्यानेही बोट थरथरते आणि वेग खाल्ला जातो. पातळ दांडीवर पंखा ओवून सोडायचा, जे पातं खाली झुकेल ते कानशीने हलकं करायचं, आणि कुठेही झुकेनासा झाला की धार लावायची. मला काचा घासता येतात, धातू ऐकत नाही. तुमचं तो ऐकतो.

ताशी शंभर किलोमीटर गाठायचे असा माझा मानस आहे. फायबर जोडायच्या रेझिनचा वास ताईला आवडणार नाही. तिची बोलणी माझ्या नावावर खाऊन घ्या.

मुलाबाळांकडून नमस्कार. कृपा असू द्यावी, कानउघाडणीही चालेल.

आपला,
चष्मेवाला मेहुणा


ता. २६ मार्च

ती. मामास,
सा. न.

घराची पार रया गेली आहे आणि आम्ही सगळे खूश आहोत. जेवणाच्या टेबलाला शिकंजा बसवला आहे, त्यामुळे आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. आई दिवसातून एकदा तुझा उद्धार करते आणि मग बाबांना पॉलिश पेपर कापून देते.

आधी ते सगळं डाव्या हाताने करत होते, उजवा नुसता वजन म्हणून बोटीवर ठेवायचे. मग एकदा डाव्याने कानस चालेना, तेव्हा वैतागून उजव्यात घेतली. पडली. परत घेतली. आई उचलून द्यायला निघाली तर डोळ्यांनीच दटावलं तिला. आता बोटं कानस धरून ठेवतात, थोडा वेळ का होईना.

आईने विचारलं, की पाणी शिरू नये म्हणून झाकणाला टेप लावता, आणि वर नळी घालून पाणी आत घेता ते कशाला. बाबांनी एका दमात सांगितलं, की यंत्र तापतं, त्याला थंड करावं लागतं, तुला करतो तसं. पूर्ण वाक्य, मामा! आई हसता हसता रडली.

रविवारी ये. खाणीच्या तळ्यावर जायचं आहे. मला या रविवारीही ऑफिस आहे, त्यामुळे तुम्ही दोघंच. सांभाळून.

ठकी


ता. ८ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तळ्यावर काय झालं ते बाबांनी सांगितलंच असेल. जे सांगितलं नसेल ते मी सांगतो, कारण त्यांना ते माहीत नाही.

बोट सुंदर पळाली. रिमोट माझ्याकडे होता, भाऊजी काठावर खुर्चीत. वेग घेतल्यावर तिचं अंग पाण्याच्या वर उचललं गेलं, फक्त पंखा पाण्यात, मागे पांढरं शेपूट. ताणलेलं कापड टराटरा फाडावं तसा आवाज. भाऊजी काठीशिवाय उठून उभे राहिले आणि लिफ्ट, लिफ्ट असं ओरडले. या वेळी शब्द चुकला होता असं मला वाटत नाही.

बोट काठाला आणून मी झाकण उघडलं. आत वेग मोजणारी डबी असते, ती सर्वांत मोठा आकडा दाखवते. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी किती म्हणून विचारलं. डबीवर चौऱ्याहत्तर होते. मी एकशे एक सांगितले. शंभर म्हटलं असतं तर बनवल्यासारखं वाटलं असतं, म्हणून वर एक लावला. थाप मारतानाही मी किती व्यवहारी, बघ. आणि ते जवळ येऊन बघतील म्हणून बटण दाबून आकडा पुसून टाकला.

त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं उघडली, मिटली, आणि तो माझ्या खांद्यावर ठेवला. अजून तो खांद्यावरून उतरलेला नाही. लोकांचा नंबर तपासायचा आणि खरा सांगायचा, यावर माझं घर चालतं. काल एका गिऱ्हाइकाने नंबर वाढला का म्हणून विचारलं, तर मला घाम फुटला.

तुला सांगितल्याने हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तुझ्या डोक्यावर मात्र भार टाकला. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा,
मामा


ता. २ मे

ती. मामास,
सा. न.

तुझं पत्र वाचून हसले, मग रागावले, आणि मग माझंच पहिलं पत्र आठवलं. खोटं का होईना, असं लिहिणारी मीच. तेव्हा तुला कुठल्या तोंडाने बोलू?

पण प्रकरण पुढे गेलं आहे. बाबांनी लिफ्ट कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना बोलावून एकशे एकची गोष्ट सांगितली. अडखळत, पण सगळी. मोठ्या तलावावर दरवर्षी अशा बोटींची वेगाची स्पर्धा असते, तिथे दोन खांबांच्या मधून बोट सोडतात आणि वेग फळ्यावर लिहितात. बाबांनी माझ्याकडून नाव घालून घेतलं आहे. रोज सकाळी पंखा घेऊन बसतात, म्हणतात अजून धार बाकी आहे, अजून पाच तरी निघतील.

दोनदा सांगायला गेले. पहिल्यांदा ते गुणगुणत होते. दुसऱ्यांदा त्यांनी आईला नावाने हाक मारली, झटक्यानंतर प्रथमच, आणि आई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. मग माझी जीभ रेटेना.

तू स्पर्धेला ये. दुसरी बॅटरी आण, मोटर आण, काहीही कर. निदान माझ्या शेजारी उभा तरी राहा.

ठकी


ता. २० मे

चि. ठकीस आशीर्वाद.

काच कापायचं मशीन ऐन वेळी बिघडलं आहे, दुरुस्तीवाला नेमका त्याच दिवशी येणार. तेव्हा येणं जमेलसं दिसत नाही. भाऊजींना शुभेच्छा सांग. घाईत आहे.

मामा


ता. १ जून

मामा,
नमस्कार.

बोट फळ्यावर त्र्याऐंशीची लागली.

धावली छान. बाबांचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा झाला होता. मग माणसाने खडूने आकडा लिहिला. बाबांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचला. परत वाचायला सांगितलं. त्यांचे सोबती टाळ्या वाजवत होते, आणि त्या कुठे थांबवाव्यात ते त्यांना कळेना.

हवा तीच, बॅटरी तीच, बोट तीच. बाबा म्हणाले, फक्त पंखा बदलला, आणि पंखा मी घासला. एकशे एकची बोट या हाताने नासवली. हे सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं, मामा. बाकी कशाला शब्द मिळत नाहीत आणि याला मिळाले.

परत येताना बोट माझ्या मांडीवर होती आणि बोलायला अख्खा रस्ता होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

कानशी त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. व्यायाम बंद, पत्रं वाचणं बंद. हात पुन्हा मांडीवर. आता त्यावर टॉवेल टाकून ठेवतात, दिसू नये म्हणून. आई विचारते की घडलं तरी काय, आणि मी पोळपाट पुसत राहते.

सांगितलं तर एकमेव आनंद जातो, नाही सांगितलं तर हात जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू मोठा आहेस, तू ठरव. मशीन दुरुस्त झालं असेलच.

ठकी


ता. ६ जून

ती. भाऊजींस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचावं, ताई आणि ठकी समोर असताना वाचावं, अशी विनंती आहे.

खाणीच्या तळ्यावर डबीने चौऱ्याहत्तर दाखवले होते. मी तुम्हाला एकशे एक सांगितले आणि आकडा पुसला. बोट कधीच एकशे एकची नव्हती. तुमच्या हाताने काहीही नासवलेलं नाही.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खरं म्हणजे तुमचा उतरलेला चेहरा मला बघवला नसता. दया आली ती माझीच मला. स्पर्धेला आलो नाही त्याचंही कारण तेच. मशीन धडधाकट होतं. दिवसभर दुकान बंद ठेवून आत बसलो होतो, ताईचा फोन वाजला तरी घेतला नाही.

ठकीला मी नंतर सांगितलं आणि तिचं तोंड बंद झालं. तिला बोल लावू नका. ताई, तूही नको.

लहानपणी मी तुमच्याबरोबर लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत यायचो. एखादा दोर झिजला असला तर तो चांगला आहे असं कधी म्हणू नये, लिफ्टमध्ये बसणारा आपल्या शब्दावर बसतो, असं तुम्ही मला बजावलं होतं. मी तुम्हालाच झिजल्या दोरावर बसवलं.

क्षमा करा असं लिहायला हात धजत नाही. रागावण्यासाठी तरी दार उघडं ठेवा.

आपला अपराधी,
मेहुणा


ता. २५ जून

चि. मेहुण्यास आशीर्वाद.

अक्षर उजव्या हाताचं आहे. पुष्कळ दिवस लागले. कुणाला मदत करू दिली नाही.

पत्र मोठ्याने वाचलं. मध्ये थांबलो. तुझ्या ताईने तुला शिव्या दिल्या. मलाही द्यायच्या होत्या. शब्द सापडला नाही. तुझं नशीब.

तळ्यावरून घरी आलो तेव्हा मी ताईला म्हणालो होतो, मी अजून कामाचा माणूस आहे. ते तू खोटं पाडलंस. एकदा नाही, दोनदा. आधी सांगून, मग न सांगून. स्पर्धेनंतर मी रात्रंदिवस या हाताला शिव्या घालत होतो. त्याची चूक नव्हती. हे विसरायला वेळ लागेल. ठकीशी मी बोलत नव्हतो. कालपासून बोलतो. तिने जेवण सोडलं होतं.

आता कामाचं. ते लिफाफ्याच्या मागे लिहून पाहिलं. तळ्यावर चौऱ्याहत्तर. तेव्हा पंखा अर्धाच घासला होता. नंतर महिना-दीड महिना घासला. तलावावर त्र्याऐंशी. बोट तीच, बॅटरी तीच. म्हणजे नऊ वाढले.

हे नऊ मी केले. मला कुणी दिलेले नाहीत. तू खरं सांगितलं असतंस तर मला फळ्यासमोरच कळलं असतं. मी तिथे नाचलो असतो. माझे सोबती बघत होते. तो दिवस तू घेतलास. तो परत येणार नाही. हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

कानशी नाहीत. आणून दे. बारीक दातांच्या दोन. दांडा पण थोडा वाकडा बसला आहे, माझी चूक आहे, तो काढून पुन्हा बसवायचा. त्याला दोन चांगले हात लागतात. माझ्याकडे दीड आहे.

राग आहे. लोभही आहे. दोन्ही असू दे. रविवारी ये.

तुझे,
भाऊजी